वीस मिनिटं मुरलेली मेमरी

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो आपला जुना लॅपटॉप पोटाशी धरून उभा, आणि काउंटरमागे मेमरीगुरू. हे नाव गिऱ्हाइकांनी दिलेलं, पण त्यानं ते लगेच पाटीवर चढवलं होतं. आत्ताच त्यानं एका कारकुनाचा रडतखडत चालणारा लॅपटॉप बंद केला, त्यात मेमरीची नवी पट्टी बसवली, वीस मिनिटं पालथा ठेवला आणि मग चालू केला. त्यावरचा गेम असा सरसर पळायला लागला की कारकुनानं चक्क हात जोडले.

"मेमरी मुरावी लागते," गुरू म्हणाला. "घाई केली की मशीन बिथरतं."

मी फ्रिज दुरुस्त करते, तीस वर्षं झाली. गरम आणि थंड यापलीकडे मला फारसं काही कळत नाही, पण तेवढं कळतं. एरवी मी या तमाशाला हसून निघून गेले असते. त्या दिवशी मात्र थांबले.

कारण शेजारी चाकाच्या खुर्चीत माझी भाची होती. अपघातानंतर तिला कमरेखाली काही जाणवत नाही. मांडीवर लॅपटॉप घेऊन ती मैत्रिणींबरोबर गेममध्ये धावते, भिंतींवरून उड्या मारते. तो पाच वर्षांचा लॅपटॉप हल्ली अडखळायचा. आणि त्या सकाळी तिच्या मांडीवर मला तळहाताएवढा लाल चट्टा दिसला. तिला पत्ताच नव्हता.

गुरूनं सकाळीच लॅपटॉप उघडून तपासला होता. "मेमरी उपाशी आहे," त्यानं निदान सांगितलं. "उपाशी म्हणून चिडतंय, चिडतंय म्हणून तापतंय. पट्टी घातली की थंडगार. मग खुशाल मांडीवर घ्या."

भाचीचा चेहरा उजळला आणि मला धडकी भरली. याचं खरं मानून ही संध्याकाळी ते धूड परत मांडीवर घेणार, आणि भाजलं तरी तिला कळणार नाही.

"आधी गेम लाव," मी तिला म्हटलं. "अडखळला की मेमरी किती भरलीय ते दाखव."

दहा मिनिटांत गेम अडखळला. भाचीनं आकडा काढला. निम्मी मेमरी रिकामीच होती.

"गच्च भरली असती तर मीच म्हटलं असतं, घाला पट्टी," मी म्हणाले. "इथे जागा पडून आहे."

"आकड्यांवर जाऊ नका, ताई. मशीनची भाषा वेगळी असते."

मी पिशवीतून माझ्या कामाचा थर्मामीटर काढून गरम हवेच्या जाळीशी धरला. सत्तर अंश. "आता तुमचं सगळं करा. बंद करा, पालथा ठेवा, मुरवा. फक्त पट्टी घालू नका."

"असं नसतं करायचं. विद्येचा अपमान होतो."

"होऊ द्या की," मागून कारकून म्हणाला. "आम्हालाही बघू द्या."

वीस मिनिटं गेली. थर्मामीटर तीसवर आला. लॅपटॉप चालू केला, गेम लावला आणि तो सरसर पळाला. पट्टी गुरूच्या हातातच होती.

"पाच मिनिटांनी बंद करायचा असतो," म्हणत त्यानं हात पुढे केला. मी तो अडवला. आणखी थोड्या वेळानं गेम पुन्हा अडखळला. जाळीशी पुन्हा सत्तर.

"मेमरी मुरलीच नव्हती, मशीन निवलं होतं," मी सगळ्यांना सांगितलं. "तापलं की ते स्वतःला वाचवायला हळू चालतं."

"पण तापतं कशानं?" भाचीनं विचारलं.

मी चार्जर काढला, लॅपटॉप बंद केला आणि मागचं झाकण उघडलं. पंख्यापुढे धुळीचा थर, कापडाच्या घडीसारखा जाड. तेवढं माझ्या अंदाजात होतं. बाजूची बॅटरी मात्र अंदाजात नव्हती. ती उशीसारखी टम्म फुगली होती. अशी बॅटरी कधी पेट घेईल सांगता येत नाही.

"सकाळी उघडलं तेव्हा ही पाहिली होती तुम्ही?"

"थोडीफार फुगतेच," गुरू खाली बघत म्हणाला. "झाकण दाबून बसवलं की बसतं."

"मावशी, पेटली असती तर मला कधी कळलं असतं?"

"धूर दिसल्यावर," मी म्हणाले. तिच्याशी खोटं बोलवेना.

आता बॅटरी नवी आहे, पंखा साफ आहे, आणि लॅपटॉप टेबलावर असतो. तुमचं मशीन अडखळलं तर आधी बघा, मेमरी खरंच भरलीय का, ते तापतंय का. आणि कुणी चमत्कार दाखवला तर म्हणा, हेच सगळं तुमच्या औषधाशिवाय करून दाखवा. चारचौघांत असं विचारायची लाज वाटते, मलाही वाटत होती. गप्प बसले असते, तर त्या संध्याकाळी ती बॅटरी तिच्या मांडीवर असती.