तुळजाच्या हातातली काच

मी बांगडी बोलतेय. हळूच बोलतेय, काचेच्या जातीनं आवाज चढवू नये. भट्टीतून निघाले तेव्हापासून मला एकच काम झकास जमतं, घाबरणं!

अकलोली गावात कासारणीने मला तुळजाच्या मनगटात चढवलं. पडेन, आपटेन, फुटेन, याच काळजीत तिची नववी आली. साल त्र्याहत्तर.

एक दिवस तिचे आबा, हिरामण, शिफ्ट सुटताच थेट शाळेत आले. केसांत अजून लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कापूस.

"बाई, पोरीचं नाव काढा. सोमवारपासून लूमवर सुताच्या कांड्या भरंल."

तुळजाने बाकाची कड धरली. मी उगाच किणकिणले.

"गणितात पहिली आहे हो ती," वर्गाच्या कमळबाई म्हणाल्या.

"कसलं गनित? म्हंते, लहानमोठी सगली वर्तुळं सारखी. पुली बदलली की लूमची चाल बदलते. सारखी कशी? दाखव, मंग शीक!"

"आबा, सारखी न्हाय, समरूप. आकार एकच." आणि तिने मला खस्सकन हातातून काढलं. मेले, वाटलं!

आबांच्या खिशातलं सूत घेऊन तिने फरशीवर खडूने मोठं वर्तुळ काढलं. सुताचं टोक मधल्या ठिपक्यावर आबांनीच धरलं. मग कोपऱ्यात ठेवलेल्या मला तिने सरळ सरकवत आणलं. ठिपका बरोबर माझ्या मधोमध.

"आता हिला मोठी करायची."

काचेला ताणणार? माझं पाणी पाणी झालं.

पण ताणलं ते सूत. ठिपक्यापासून माझ्या कडेपर्यंतचं अंतर तिप्पट केलं, की नेमकं खडूच्या रेघेवर. आबांनी दुसरीकडे मोजलं. तिप्पट. तिसरीकडे. तिप्पट.

"सगळीकडे एकाच पटीनं वाढली, आबा. म्हणून आकार मोडला न्हाय. पुलीचा घेर वाढतो, त्यानं चाल बदलते."

आबांनी मला उचलून मुठीत आवळलं. कट्! बारीक तडा गेला.

"वीस वर्सं लूमवर हाय, कुनी सांगितलं न्हाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या नाव, बाई. म्याट्रिकपर्यंत."

वर्गातले सगळे हसले. मी मात्र श्वास रोखून.

आता मी तिच्या कंपासपेटीत असते. तडा रोज केसभर पुढे सरकतो. तरी वर्तुळ काढायला ती मलाच घेते.

पेटी जरा हळू लाव गं, तुळजा. तुझी परीक्षा मार्चात आहे, तोवर टिकायचंय मला.