बॉबिनच्या पाठीवरचं ऑईल

सोनाली दवाखान्यात कामाला लागली आणि त्याच दिवशी तिची झोप उडाली, असं तिची आई मंगलाबाई म्हणायची. ते काही अगदीच खोटं नव्हतं. दवाखाना माणसांचा असता तर गोष्ट वेगळी. हा होता जनावरांचा, गोडादऱ्यात, हेतलबेन डॉक्टरांचा. तिथे सोनालीचं काम म्हणजे नंबर लावणं, कुत्र्यांची तोंडं धरणं, मांजरींचे ओरखडे खाणं आणि शेवटी फरशी पुसणं. पण हे ती राहायची त्या लिंबायतच्या खान्देशी गल्लीला कोण समजावणार? गल्लीच्या मते पांढरा कोट घालते ती डॉक्टर, डॉक्टर आहे ती आपली, आणि आपली आहे तर तिला केव्हाही हाक मारावी!

संध्याकाळी शेअर रिक्षातून ती उतरायची तेव्हा पाय असे भरून आलेले असायचे की चपलेचा पट्टा रुतायचा. कोपऱ्यावरच प्रमिलाबाई उभ्या.

"वं सोनाली, मना मिठू पिसं उपटी राहिना. कोनी नजर लागनी का वं?"

"नजर नाही मावशी, कंटाळलाय तो. पिंजरा मोठा घ्या. आणि तिखट शेव बंद करा आधी."

"शेव बंद? मंग तो खाई काय? खान्देशी शे तो!"

चार पावलं गेलं की लोटूभाऊ. मांजरीला ताप आहे, आपल्याच तापाची अर्धी गोळी देऊ का? सोनाली जागीच थांबायची. "लोटूभाऊ, ती गोळी मांजरीला म्हणजे विष. अर्धी नाही, पाव नाही, चाटूसुद्धा द्यायची नाही. उद्या दवाखान्यात आणा." लोटूभाऊ मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी मांजर काही आणायचा नाही. मांजर आपोआप बरी व्हायची, आणि श्रेय मात्र सोनालीला मिळायचं. हे श्रेयच तिच्या मुळावर आलं होतं.

घरात शिरून ताटावर बसली की फोन सुरू. समोर पिठलं-भाकर, आणि फोनवर कुणाच्या तरी कुत्र्याच्या शौचाचा फोटो, खाली हिंदीत: 'दीदी, ये कलर नॉर्मल है क्या?' मंगलाबाई कपाळावर हात मारून घ्यायची. "जेवू दे त्या पोरीले! तुमना कुत्रा हागना तर मनी पोरनं जेवन काब्रं खराब करतस?"

खरं तर अशी उत्तरं द्यायला तिला मनाईच होती. हेतलबेनचा कडक नियम होता: दवाखान्याबाहेर सल्ला द्यायचा नाही. सोनालीच्या आधी जी मुलगी होती ती याच कारणावरून गेली. पण शेजाऱ्याला 'नाही' म्हणायचं कसं? म्हणून सोनालीनं एक युक्ती काढली होती. लिहून आलं तर एका शब्दात उत्तर. आणि लांबलचक व्हॉइस नोट आली की न ऐकताच अंगठा! माणूस खूश, आपण मोकळे. बहुतेक नोटा अशाच असायच्या, 'गोळी दिली, आता जेवतोय, तुझे उपकार.' त्याला अंगठ्याशिवाय काय द्यायचं?

गल्लीच्या टोकाला दगाकाका राहायचे. तीस वर्षं लूमवर, कापड विणायच्या मागावर काढलेली. त्या खडखडाटानं कान अर्धे गेले होते, त्यामुळे काका बोलायचे ते दोन गल्ल्यांना ऐकू जायचं. काकू वारल्या, मुलगी धुळ्याला दिली, उरला तो बॉबिन. कारखान्यात सुताच्या रिकाम्या बॉबिनांच्या खोक्यात सापडलेलं पिल्लू ते, म्हणून नाव बॉबिन. आता चांगला दांडगा कुत्रा झाला होता. काका भाकरीचा पहिला तुकडा त्याला द्यायचे आणि मगच स्वतः खायचे.

गुरुवारी काका दारात येऊन उभे राहिले. "सोनाली! बॉबिनले खाज सुटनी! पाठवरना केस चालना ग्यात!"

"उद्या बघते हं काका."

शुक्रवारी पुन्हा. सोनाली तेव्हा भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. "काका, उद्या. नक्की उद्या."

बघायला लागली असती पाच मिनिटं. खरुज आहे, दवाखान्यात आणा, एवढं सांगायला एकच मिनिट. पण थकलेल्या माणसाला ते एक मिनिट डोंगराएवढं दिसतं.

शनिवारी दवाखान्यात लसीकरणाचं शिबिर होतं. साठावर कुत्री आली. सोनालीचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखडलेले, कानात भुंकणं असं भरलेलं की रिक्षाचा हॉर्नसुद्धा भुंकल्यासारखा वाटत होता. घरी येताना फोन थरथरला. दगाकाका, व्हॉइस नोट, एक मिनिट बारा सेकंद. काकांचा आवाज त्या भरलेल्या रिक्षात लावायचा म्हणजे तमाशाच. तिनं अंगठा दिला आणि फोन पर्समध्ये टाकला.

रविवारी सकाळी दहाला ती अजून अंथरुणातच होती. दारातून कुणीतरी हळूच हाक मारली. इतकी हळू की तिला आधी ओळखूच आली नाही. दगाकाका होते. कधी नाही ते दगाकाका हळू बोलत होते.

"पोरी, तो उठी नही राहिना."

सोनाली तशीच पळाली. खोलीत पाऊल टाकताच वास आला, लूमच्या ऑईलचा, जळका, जड वास. बॉबिन कोपऱ्यात पोत्यावर आडवा पडला होता. मानेपासून शेपटीपर्यंत काळा चिकट थर. तोंडातून लाळ गळत होती, बाजूला दोनदा ओकलेलं. त्यानं डोळे वर केले, पण मान काही उचलता आली नाही.

"काका, हे काय लावलंत?"

"लूमनं ऑईल," काका म्हणाले. "खाजवर लावतस ना आमी. मना हातले नायटा व्हयना तवय मी बी लावं व्हतं."

लूमवाल्यांचा हा जुना इलाज. खरुज, नायटा, भेगा, सगळ्यावर मशीनचं ऑईल. माणूस ते लावून कामाला जातो. पण कुत्रा स्वतःला चाटतो ना! बॉबिननं रात्रभर चाटलं होतं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

काका भिंतीकडे बघायला लागले. "कोनी नही. मनीच अक्कल."

सोनालीनं हेतलबेनला फोन लावायला व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. वरच दगाकाकांचं नाव होतं. निळ्या खुणेचा तिचा अंगठा आणि त्यावर ती न ऐकलेली नोट. का कुणास ठाऊक, तिनं बाहेर ओट्यावर येऊन फोन कानाला लावला.

'सोनाली, मी दगाकाका बोलस. तू थकेल व्हशी म्हनीसन घर येत नही. बॉबिन रातभर खाजवस, माले बी झोप नही. कारखानाना मास्तर बन्सीलाल म्हनस, जळेल ऑईल लाव, चार दिनमा केस इतीन. पन मी म्हनं, आधी सोनालीले इचारस. लावू का? तू हो म्हनशी तर लावस. नही म्हनशी तर नही.'

मागून बॉबिनच्या खाजवण्याचा आवाजही येत होता, खरखर, खरखर.

सोनाली ओट्यावर बसली. मग उठली, कारण बसायला वेळ नव्हता.

हेतलबेन बारडोलीला बहिणीकडे गेल्या होत्या. फोनवरच म्हणाल्या, "ओकायला लावू नको. तेल छातीत गेलं तर संपलं. आधी कोरड्या कापडानं पूस, मग पीठ चोळून तेल ओढून घे, मग भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात धू. जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा. रॉकेल नाही, पेट्रोल नाही. जबरदस्तीनं काही पाजू नको. ऊब दे. श्वास जड झाला तर अडाजणला चोवीस तासांचा दवाखाना आहे, तिकडे तडक ने. मी उद्या सकाळी बघते." आणि मग, "ऑईल लावायला सांगितलं कोणी?"

फोन स्पीकरवर होता. सोनालीनं तोंड उघडलं. पण तिच्याआधी दगाकाका बोलले, आणि आता आपल्या नेहमीच्या आवाजात बोलले. "मी लावं बेन! मीच! कोनले इचारं नही!"

सोनाली गप्प राहिली. 'हो मॅडम' म्हणून तिनं फोन ठेवला.

मग धुणं सुरू झालं, आणि ते काही संपेना! गल्लीत नळाला पाणी सकाळीच येऊन गेलेलं. मंगलाबाईनं घरचा पिंप उघडला, प्रमिलाबाईंनी दोन बादल्या दिल्या, लोटूभाऊनं स्टोव्हवर पाणी ठेवलं. सल्ले तर बादल्यांपेक्षा जास्त आले.

"दूध पाज त्याले, दूधमा विष मरस."

"नको मावशी."

"तूप चारा मंग."

"तेलावर तूप? नको."

"गेरू लाव, गेरू! ऑईल शोशी लेई."

"लोटूभाऊ, तुम्ही फक्त पाणी तापवा."

पहिल्या धुण्यात काळं पाणी निघालं, दुसऱ्यात काळं, तिसऱ्यात राखाडी. ज्वारीचं पीठ चोळून चोळून सोनालीची बोटं सोलली. साबण ओरखड्यांवर झोंबत होता. कंबर अशी दुखत होती की वाकलं की सरळ होता येईना आणि सरळ झालं की वाकता येईना. दगाकाका बॉबिनचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचा लेंगा ऑईलनं काळा झाला होता. अधूनमधून ते छातीवर हात ठेवून श्वास मोजायचे आणि सोनालीकडे बघायचे. ती मान हलवायची: चालतंय.

बायका पाणी आणायला गेल्या तेव्हा ती हळूच म्हणाली, "काका, तुम्ही मला विचारलं होतं."

"हा."

"मी ऐकलंच नाही. न ऐकता अंगठा दिला."

काकांनी बॉबिनच्या कानावरचा फेस पुसला. "तो पडना तवय माले वाटनं तसंच. तू ऐकतीस तर रागे भरतीस. तुनी नोकरी शे पोरी. मनं काय जाई राहिनं?"

"बॉबिन जात होता काका!"

ते पुन्हा फेस पुसायला लागले. त्या शांतपणानं तिला जे झालं ते शिव्यांनी झालं नसतं. काका चिडले असते तर तीही चिडली असती, दोन दिवस अबोला धरला असता, आणि प्रकरण मिटलं असतं.

पाचव्या धुण्यानंतर त्याला गोधडीत गुंडाळलं. चाटू नये म्हणून लोटूभाऊनं सुताच्या खोक्याचा पुठ्ठा कापून गळ्याभोवती बांधला. बॉबिन त्यात फार केविलवाणा दिसत होता. संध्याकाळी तो आपणहून चार-पाच घोट पाणी प्यायला. सोनाली तिथेच दाराला टेकून बसली होती. ती रडली नाही. रडायलासुद्धा अंगात काही लागतं.

सोमवारी सकाळी तिघं रिक्षानं गोडादऱ्याला गेली. रिक्षावाला म्हणाला, "सीट खराब होणार," म्हणून काकांनी स्वतःचा टॉवेल अंथरला आणि बॉबिनला त्यावर घेतलं. सोनाली वाटभर एकच वाक्य मनात जुळवत होती. ते जुळून यायचं आणि वळण आलं की मोडायचं. नोकरी गेली तर? आई पुन्हा साड्यांना टिकल्या लावायला बसेल, डोळे बारीक करून. ती पुन्हा वाक्य जुळवायची.

हेतलबेननं आधी छाती तपासली. खूप वेळ तपासली. नळी इकडून लावली, तिकडून लावली. दगाकाका श्वास रोखून उभे, जणू त्यांचीच तपासणी चालली आहे.

"छाती साफ वाटते," हेतलबेन म्हणाल्या. "पोट बिघडलंय, दोन-तीन दिवस सलाईन आणि औषध. मूळ आजार खरुज. त्याच्या गोळ्या मी नंतर सुरू करीन, तब्येत सावरली की. काका, पुन्हा ऑईल लावाल?"

"कव्हय नही बेन! मना हात तुटोत!"

"तुम्ही मोठी माणसं. कोणाला विचारायचं तरी ना एकदा."

काकांनी मान खाली घातली. सगळ्या दवाखान्यासमोर, बाकावर पॉमेरेनियन कुत्रा घेऊन बसलेल्या बाईसमोर, विचारूनसवरून ऑईल लावलेला माणूस न विचारल्याबद्दल मान खाली घालून उभा होता.

सोनाली जुळवलेलं वाक्य पार विसरून गेली. "त्यांनी विचारलं होतं मॅडम," ती म्हणाली. "मला. व्हॉइस नोट पाठवली होती. मी न ऐकता हो म्हणून टाकलं. आणि काल फोनवर गप्प बसले."

बाकावरची बाई वळून बघायला लागली. "वं सोनाली," काका कळवळले. हेतलबेननं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं होतं, हे सोनालीला आज पहिल्यांदाच दिसलं.

"किती जणांना देतेस असे अंगठे?"

"पुष्कळ जणांना."

हेतलबेन ट्रेकडे वळल्या. सुई भरली, वर धरून हवा काढली. "यावर मी आज रात्री विचार करीन. उद्या सांगेन काय ते. आता त्याचं तोंड धर."

सोनालीनं पुठ्ठा बाजूला करून बॉबिनचं तोंड धरलं. सुई टोचली तशी तो असा उसळला की टेबल हललं, ट्रे खाली पडला, आणि त्यानं सोनालीच्या मनगटाला झटका देऊन तोंड सोडवलं. काल मान उचलत नव्हता हा!

"धर, धर, नीट धर," हेतलबेन ओरडल्या.

"धरते मॅडम," सोनाली म्हणाली आणि ओरखडलेले दोन्ही हात पुन्हा पुढे केले.