मागच्या चाकाची नळी

जुन्या लँडमास्टर मोटारीच्या मागच्या चाकाचा ब्रेक-ड्रम वनमालानं ठोकून ठोकून सैल केला, ओढून काढला आणि ती नुसती बघतच राहिली.

तीन आठवड्यांपूर्वी या गाडीचे ब्रेक लागले नव्हते आणि एक बाई जीवानिशी गेली होती. अशा ड्रममधून काय निघतं ते तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. झिजून पत्रा झालेलं लायनर, नाहीतर तुटलेली स्प्रिंग, नाहीतर तेलात भिजलेले शू. इथं तसलं काहीच नव्हतं. शू कोरडे होते. लायनर अर्ध्याहून जास्त शिल्लक. स्प्रिंगा गंजलेल्या, पण जागच्या जागी.

गाडी रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या यशवंतराव देशकरांची, गेलेली बाई त्यांची बायको. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेला माणूस. गाडी त्यांनी स्वतः क्रेनला बांधून भनपुरीत तिच्या गॅरेजपर्यंत आणली होती. उतरल्यावर म्हणाले होते, "पाय म्हातारा झाला, बाई. दाबायला उशीर झाला माझ्याकडून. शारदा माझ्यामुळे गेली. पण गाडी तिच्या माहेरची आहे, भंगारात घालवत नाही मी. तुम्ही ब्रेक नवे करा." पोलिसांनीही तसंच लिहून घेतलं होतं. जुनी गाडी, म्हातारा हात.

वनमाला पाठीवर झोपून गाडीखाली सरकली. चाकाकडे जाणारी लोखंडी ब्रेकची नळी एके ठिकाणी फुटली होती. त्या जागी ग्रीस लिंपलेलं. एवढ्या जुन्या गाडीच्या नळीला कोण कशाला ग्रीस लावेल? तिनं फडक्यानं ते पुसलं. फुटीची अर्धी कड वेडीवाकडी फाटलेली होती. उरलेली अर्धी मात्र सरळ होती आणि तिच्यावर करवतीच्या पात्याचे बारीक दाते उमटले होते.

कुणीतरी नळी अर्धी कापून ठेवली होती. हळू दाबला तर ब्रेक लागला असता. जोरात दाबल्यावर नळी फुटून सगळं तेल सांडणार आणि चारही चाकं मोकळी. म्हणजे म्हाताऱ्यानं वेळेवर दाबला होता. चांगला जोरात दाबला होता.

शेजारच्या पीसीओतून तिनं बूढापाऱ्यात फोन लावला. "बाबूजी, जसे असान तसे ऑटो करून या. फोनवर नाही सांगत."

परत आली तर दारात मोटरसायकल आडवी लावलेली आणि आत सचिन उभा. यशवंतरावांचा पुतण्या. आईबाप लहानपणीच गेले, शारदाबाईंनीच त्याला वाढवला. रायपूर राजधानी झाल्यापासून जमिनीच्या दलालीत पडला होता. अस्थी घेऊन चार दिवस बाहेर गेला होता; परत येऊन बघतो तर गाडी घरासमोर नाही.

"दीदी, काम बंद करा," तो हसत म्हणाला. "गाडी भंगारवाल्याला देऊन राहिलो मी. काकांचं डोकं ठिकाणावर नाही सध्या."

"बाबूजी येऊन राहिले. त्यायलेच विचारतो."

त्याची नजर तिच्या हातातल्या फडक्यावर गेली. मग उघड्या चाकाकडे. हसणं तोंडावरच वाळलं.

"क्या देखा तूने?"

वनमालानं फडकं पाठीमागे नेलं. तेवढ्यानंच सगळं सांगितलं. सचिननं लोखंडी शटर खाली ओढलं. बाहेर ट्रकांचे हॉर्न चालूच होते.

"ब्रेक झिजले होते म्हणून सांग. बस. नळी काढून मला दे."

"एका बाईचा जीव गेला, सचिन. तुले वाढवलं तिनं."

त्यानं तिच्या कानशिलात अशी मारली की ती बाकावर आदळली. डोळ्यांपुढे पांढरं झालं. उठेपर्यंत दुसरी बसली, मग पोटात लाथ. ती चाकाजवळ कोसळली. तो गाडीखाली वाकून नळी हिसकू लागला, तेव्हा तिनं त्याचा पाय दोन्ही हातांनी धरला. त्यानं बाजूचा हातोडा उचलून तिच्या उजव्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला. ओरडायला तोंड उघडलं, पण श्वासच आला नाही. तोवर त्याचे अंगठे तिच्या गळ्यावर होते.

"काहून मधात पडली तू? काहून?" तो म्हणत होता आणि दाबत होता.

तिच्या डाव्या हाताला ड्रम लागला. ओतीव लोखंड, एरवी दोन हातांनी उचलायची वस्तू. तो तिनं एका हातानं कसा उचलला ते तिला पुढे कोर्टातही सांगता आलं नाही. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा गुडघ्यावर. गुडघा उलटा वाकला. सचिन गुरासारखा हंबरला आणि आडवा झाला. वनमाला थांबली नाही. तिसरा घाव त्याच्या बरगड्यांत घातला. चौथ्याला ड्रम हातातून निसटला, म्हणून तो वाचला.

"काकू गाडीत बसणार नव्हती!" तो जमिनीवर लोळत रडू लागला. "गुरुवारी काका एकटाच जातो. गोल बाजारात भांडी घ्यायची म्हणून ती ऐन वेळी बसली. मी घरी नव्हतो. असतो तर उतरवली असती तिला. आईची शपथ, उतरवली असती..."

शटर अर्धं वर गेलेलं होतं. यशवंतराव वाकून आत आलेले होते. त्यांनी किती ऐकलं हे कुणाला विचारायची गरज नव्हती.

"आणि मी?" त्यांनी विचारलं. "मला उतरवलं असतंस का?"

सचिननं मान फिरवली. "चार एकर जमीन नुसती पडून आहे, काका. तिथं नवीन शहर येणार. तुम्ही विकतही नव्हते, देतही नव्हते."

यशवंतरावांनी खाली पडलेला हातोडा उचलला. सत्तरीचा माणूस, पण पहिल्याच फटक्यात सचिनचा जबडा फुटला, दात रक्ताबरोबर बाहेर आला. दुसरा फटका त्यानं तोंडावर घेतलेल्या हातांवर बसला. यशवंतराव शिवी देत नव्हते, काहीच बोलत नव्हते. तिसऱ्याला त्यांनी हातोडा डोक्यावर नेला तेव्हा वनमालानं सरपटत जाऊन मोडक्या हातासकट त्यांच्या पायांना मिठी मारली.

"बाबूजी, नका! पाय उशिरा नाही पडला तुमचा! तुम्ही दाबला होता ब्रेक, बराबर दाबला होता! याच्या खुनापायी आत जाता काय आता?"

हातोडा तसाच वर राहिला. मग सिमेंटवर पडला. यशवंतराव गाडीच्या दाराला टेकून बसले आणि छातीवर हात मारून रडले. बायको गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते.

गर्दी जमली, पोलीस आले. त्यांनी नळी कापून नेली, ड्रमही नेला. सचिन लंगडत आणि तोंड बांधून आधी दवाखान्यात गेला, तिथून जेलात. वनमालाच्या हातात सळई घालावी लागली. दोन बोटं पुढे कधी नीट मिटली नाहीत.

पावसाळा सरल्यावर तिनं पुन्हा लँडमास्टरला हात घातला. दुसरे ड्रम शोधले, शूला नवं लायनर डाव्या हातानं रिव्हेट मारून बसवलं, सिलिंडरमधले रबर बदलले, मागची नळी नवी वाकवून लावली. शेवटी नळ्यांतली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. तिनं यशवंतरावांना सीटवर बसवलं आणि स्वतः चाकाशी बसली.

"दाबा."

काही झालं नाही. तिनं मान वर करून बघितलं. त्यांचा पाय पेडलवर नुसता टेकलेला होता.

"दाबा, बाबूजी. मी हाय ना इथं."

त्यांनी डोळे मिटून दाबला. नळीतून फेसाळ तेल आलं. पंधरा-वीस वेळा दाबल्यावर हवा संपली आणि पेडल पायाखाली दगडासारखं घट्ट झालं. यशवंतराव बराच वेळ ते तसंच दाबून बसले. तिनं घाई केली नाही.

गाडी सुरू झाली तेव्हा मागच्या सीटवर पिशवीत गुंडाळलेला डबा तिला दिसला.

"कुठं निघाले?"

"जेलात. आज मुलाखतीचा वार आहे." ते समोर बघत म्हणाले. "जबडा अजून नीट नाही म्हणतात त्याचा. चावता येत नाही. खिचडी केली आहे."

वनमालाचा मोडलेला हात ठणकला. "त्याले जेवू घालता?"

"शारदानं घातलं असतं की नसतं, तेच ठरवतो आहे. रोज वेगळं वाटतं." त्यांनी गिअर टाकला. "आज दारापर्यंत तरी जातो."

तिला पुष्कळ बोलायचं होतं, सगळं कडू. पण रस्त्याच्या मध्यात जाऊन तिनं डावा हात उंच केला, येणारा ट्रक थांबवला आणि त्यांना गाडी मागं घेऊ दिली.