एका बोटाने फिरणारी बैठक

दुर्बिणीला सगळे ओळखतात. तिच्या बुडाखाली कोण असतं ते मात्र कोणी विचारत नाही. तर ऐका, मी ती बुडाखालची बोलतेय. वेंडेल कुबिचेकच्या गॅरेजमधली प्लायवूडची बैठक. आरसा चमकतो, नळा मिरवतो आणि त्या दोघांचं ओझं पेलते ती मी. सध्या माझ्या पोटात रंगाचे तीन डबे आणि बर्फ ओढायचं फावडं कोंबलेलं आहे. त्याची तक्रार नाही. मला रडायचंय ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

वेंडेल विस्कॉन्सिनमधल्या एका चीजच्या कारखान्यात अडतीस वर्षं यंत्रं दुरुस्त करायचा. निवृत्त झाला आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याने घरातल्या धड चालणाऱ्या वस्तू दुरुस्त करायला घेतल्या. नळ झाले, कपाटं झाली. त्याची बायको आर्डिस शेवटी म्हणाली, "माझ्या खणांना हात लावू नकोस. काहीतरी नवीन आण आणि ते बिघडव." त्यातून दुर्बीण निघाली. आरसा टपालाने आला. नळा म्हणजे काँक्रीटचे खांब ओतायचा पुठ्ठ्याचा साचा. आणि मी निघाले शेडच्या दारातून उरलेल्या प्लायवूडमधून. म्हणजे जन्मापासून मी उरलीसुरलीच.

माझी रचना सांगायला फार काही नाही. खाली तीन पायांची गोल फळी, तिच्यावर मी, तीन बाजूंची पेटी, आणि दोघींच्या मधोमध एक बोल्ट. त्या बोल्टभोवती मी डावी-उजवीकडे फिरायचं. माझ्या दोन गालांना, म्हणजे बाजूच्या फळ्यांना, अर्धगोल खाचा, त्यांत नळ्याचे कान, म्हणजे दोन बाजूंच्या गोल चकत्या, टेकतात आणि नळा वर-खाली होतो. मी आणि खालची फळी एकमेकींवर घासू नयेत म्हणून वेंडेलने दुधाच्या प्लास्टिकच्या डब्याचे तीन तुकडे मध्ये ठेवले होते. झालं, एवढीच मी.

फिरायचं म्हणाल तर मी फिरायचेच नाही. ढकललं तरी ढिम्म. आणखी जोर लावला की जर्रकन एकदम पुढे, आणि शनी भिंगातून पसार. मग मागे ढकलायचं, की पुन्हा तेच. वेंडेल आपल्या आजोबांच्या भाषेतल्या शिव्या घालायचा. आर्डिस बागेतल्या स्टुलावर कॉफीचा थर्मास घेऊन बसलेली असायची, ती विचारायची की शनी आज येणार आहे की उद्या. तो म्हणायचा, "शनी जागेवरच आहे, ही बया अडून बसलीय." बया म्हणजे मी. मला राग नाही यायचा, खरंच अडून बसायचे मी.

ऑक्टोबरात अंधार लवकर पडतो. जेवण आटोपून सातच्या सुमाराला ती दोघं अंगणात यायची. पाच-सात झटापटींनंतर शनी सापडला की वेंडेल कुजबुजायचा, "ये, ये, आहे, आहे," जणू मोठ्याने बोललं तर तो उडून जाईल. आर्डिस पुढे सरकायची. डावा तळवा नळ्याच्या काठावर ठेवायची, उजवं कोपर माझ्या गालावर, आणि अंगाचा सगळा भार आमच्यावर टाकून डोळा लावायची. मिनिट-दोन मिनिटांत आभाळ सरकायचं, ती म्हणायची, "गेला." की वेंडेल परत मला ढकलायला हजर. तो तिच्या खांद्यापाशीच उभा असायचा. जाणार कुठे? माझ्यासारखी हट्टी बैठक असल्यावर त्याला हलताच यायचं नाही.

त्याच सुमाराला आर्डिसचे हात थरथरायला लागले होते. आधी बशीतला चमचा वाजायचा, मग कॉफी सांडायला लागली. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. पण माझ्यावर रेलली की तिची थरथर माझ्या लाकडात यायची आणि तिथेच जिरायची. मी इतकी घट्ट होते, की तिच्या हाताने नळा तसूभर हलायचा नाही. सुईत दोरा ओवणं सुटलं, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणं सुटलं, पण शनीचं कडं तिला स्वच्छ, स्थिर दिसायचं. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट तिच्यासमोर हलायची नाही. हे तिला ठाऊक होतं आणि मला. वेंडेलला नव्हतं.

मग ग्लेन ओस्बी आला. हा वेंडेलचा दुर्बीण मंडळातला मित्र. दर महिन्याला वाचनालयाच्या तळघरात या लोकांची सभा भरते. केक खातात आणि एकमेकांच्या कामातल्या खोड्या काढतात. वेंडेल एकदा मला तिथे घेऊन गेला, तेव्हा ग्लेनने मला ढकलून पाहिलं आणि विचारलं, "ही दुर्बीण आहे की गिरणीचं जातं?" सगळे हसले, वेंडेलही हसला. घरी येईपर्यंत मात्र त्याचा चेहरा उतरला होता. लोक हसले याचं त्याला फारसं वाटलं नव्हतं. त्याच्या डोक्यात एवढंच बसलं होतं, की आर्डिसच्या हातात आता जोर नाही, उद्या ती या बयेला ढकलणार कशी?

तो हेतू वाईट नव्हता हो. वाईट असता तर मला बरं वाटलं असतं, कोणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या.

त्याने मला पालथी घातली. दुधाच्या डब्याचे तुकडे काढले आणि टेफ्लॉनच्या चकत्या बसवल्या. स्वयंपाकघराचे ओटे बसवणाऱ्याकडून बारीक दाणेदार सनमायक्याचा तुकडा मागून आणला आणि माझ्या तळाला चिकटवला. तरी मी थोडी अडायचेच. मग त्याने चकत्या बोल्टच्या जवळ सरकवल्या, नळ्याच्या कानांनाही सनमायका लावला, नळ्याच्या मागच्या टोकाला वजन बांधून तोल साधला. एकदा मेण चोळलं तर मी इतकी सैल झाले, की वाऱ्याने फिरायला लागले. ते खरवडून काढलं. तीन महिने चाललं हे. गॅरेजमध्ये हीटर धड चालत नव्हता, त्याची बोटं लाल व्हायची, चिरायची. मध्ये एकदा आर्डिस दारात येऊन म्हणाली, "अरे, आहे तशी बरी आहे ती." तो म्हणाला, "तू माझ्यावर दया करू नकोस." आणि पुन्हा माझ्या पोटात डोकं घातलं.

मार्चमध्ये मी तयार झाले. आता खोटं कशाला बोलू, मला गर्व झाला. बोट लावलं की सुरू, बोट काढलं की थांबले. झटका नाही, आवाज नाही. ग्लेनने फिरवून पाहिलं आणि टोपी काढली.

त्या संध्याकाळी वेंडेलने चंद्र भिंगात धरला आणि आर्डिसला बाहेर आणलं. "आता कोणाची वाट बघायची नाही," तो म्हणाला. "एका बोटाने फिरव. तुझी तू." आणि कौतुकाने चार पावलं मागे जाऊन उभा राहिला. आर्डिसने सवयीने तळवा काठावर ठेवला, कोपर माझ्या गालावर टेकलं आणि डोळा लावला. तिचा हात थरथरला. मी थरथरले. हात डावीकडे, मी डावीकडे, हात उजवीकडे, मी उजवीकडे. शिकवलं होतं ना मला तसं! भिंगात चंद्राच्या जागी नुसती पांढरी वळवळ. तिने हात काढून घेतला, तर टेकायला काही उरलं नाही आणि तोल जायला लागला. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. मी जीव खाऊन थांबायला बघितलं. लाकडाला कसला आलाय जीव.

आमच्या भागात तोंडावर नावं ठेवायची पद्धत नाही. न आवडलेल्या पदार्थालाही लोक 'वेगळंच लागतंय हं' म्हणतात आणि हवापाण्यावर बोलायला लागतात. आर्डिसने डोळा काढला आणि म्हणाली, "वेगळंच आहे हं." वेंडेल जन्मभर याच भागात राहिलेला माणूस, पण त्या दिवशी आनंदाने त्याचे कान बंद झाले होते. त्याने टाळी वाजवली.

त्यानंतर ती दोन-तीनदाच आली. एकदा थंडी वाजते म्हणाली, एकदा गुडघा. वेंडेल आग्रह करायचा, मग आग्रह करायचा थांबला. मनातून खट्टू झाला होता तो. एकटाच अंगणात यायचा, मला इकडून तिकडे फिरवायचा, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत तिचा दिवा दिसला की तिकडेच बघत राहायचा. तीसेक पावलांचं अंतर होतं. दोघं आपापल्या जागी एकटी, आणि मध्ये मी, लोण्यासारखी फिरणारी.

त्यांची मुलगी डॅना उन्हाळ्यात आली होती. एका दुपारी ती आणि आर्डिस लोणच्याच्या बरण्या न्यायला गॅरेजमध्ये आल्या. डॅनाने मला सहज फिरवलं आणि डॅडने कमाल केली म्हणाली. आर्डिस बरणी धरून उभी होती, बरणीचं झाकण वाजत होतं.

"ती अडून बसायची ना, तोच मला आधार होता," ती म्हणाली. "आता मी हलले की ती हलते. मला काही दिसत नाही गं."

"मग सांग ना त्याला."

"काय सांगू? तीन महिने खपलास आणि माझं होतं तेवढंही घालवलंस, असं? तू पण बोलायचं नाहीस."

डॅना बोलली नाही. आईचं ऐकणारी मुलगी होती. मी तिथेच होते, तीन फुटांवर. माझ्या नशिबी तोंड असतं तर त्याच संध्याकाळी सगळं ओकून टाकलं असतं.

दोन वर्षांनी आर्डिस न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. मग अंगच आखडत गेलं, मान छातीवर झुकली ती वर येईना. तिला गावातल्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. डॅना आईचे कपडे न्यायला आली, तेव्हा वेंडेल गॅरेजमध्येच होता. त्याच्या मनात साठलेलं बाहेर पडलं. म्हणाला, एवढी मऊ करून दिली तिच्यासाठी, तर बाईसाहेबांनी ढुंकून पाहिलं नाही. डॅनाला राहवलं नाही आणि तिने सगळं सांगितलं, बरणीपासून आईने घातलेल्या बंदीपर्यंत.

वेंडेल उपड्या बादलीवर बसला. बराच वेळ त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. "ती मला म्हणाली होती, आहे तशी बरी आहे. म्हणाली होती," एवढंच दोनदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने टेफ्लॉनच्या चकत्या उचकटल्या. खाली जुन्या गालिच्याचे तुकडे ठोकले आणि बोल्टचा नट पान्ह्याने इतका आवळला, की माझी लाकडं करकरली. मी पूर्वीही इतकी घट्ट नव्हते. त्याने माझ्यावर दोन्ही हात टाकून रेलून पाहिलं. मी हलले नाही. मला आशा वाटली. मूर्खपणा, पण वाटली.

शनिवारी संध्याकाळी पिकअपमध्ये घालून त्याने मला शुश्रूषागृहाच्या अंगणात नेलं. दक्षिणेला अर्धा चंद्र होता. त्याने घाम गाळत मला ढकललं, चंद्र भिंगाच्या मधोमध आणला. परिचारिकेने आर्डिसला चाकांच्या खुर्चीत आणलं. खुर्ची तिरकी बसली, मग सरळ केली, ब्रेक लावले, पांघरूण सारखं केलं. वेंडेलने तिचा तळवा काठावर ठेवला, कोपर माझ्या गालावर. हात थरथरत होता, पण नळा ढिम्म होता. सगळं पूर्वीसारखं होतं. फक्त तिची मान वर येत नव्हती. मग त्याने तिचं डोकं दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलं, हळूच उचललं आणि डोळा भिंगापाशी नेला.

"दिसला?"

"दिसला," आर्डिस म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"कसा आहे?"

"छान आहे. स्थिर आहे. खड्डेसुद्धा दिसतायत."

चंद्र भिंगात असला की त्याचा उजेड बघणाऱ्याच्या डोळ्यावर पडतो, वाटाण्याएवढा. वेंडेल तिच्या चेहऱ्यावर वाकला होता. तिच्या डोळ्यावर उजेड नव्हता. खुर्ची लावता लावता चंद्र केव्हाच सरकून गेला होता.

दोन बोटं सरकवायला हवं होतं मला, फक्त दोन बोटं. पण त्याचे दोन्ही हात तिच्या डोक्याखाली होते. सोडले असते तर मान कोसळली असती. परिचारिका फोन घ्यायला आत गेली होती. त्याने गुडघ्याने मला रेटलं. आणखी जोरात रेटलं. आठ दिवसांपूर्वी फुंकर मारली असती तरी मी सरकले असते. आता मी त्याच्या मनासारखी घट्ट झाले होते. मी हलले नाही.

त्याने तिसऱ्यांदा रेटलं नाही. तिच्या केसांवर हनुवटी टेकवली आणि म्हणाला, "हो. छान आहे."

आर्डिस नोव्हेंबरात गेली. आरसा आणि नळा वेंडेलने ग्लेनला देऊन टाकला. ग्लेन नळा उचलून न्यायला आला, तेव्हा त्याने सवयीने मला ढकलून पाहिलं, आणि मग दोन्ही हातांनी. "वेंडेल, ही तर जागची हलत नाही," तो म्हणाला. "सोन्यासारखी बैठक होती, काय करून ठेवलंस हे? दे, मी नीट करून देतो."

वेंडेल म्हणाला, "आर्डिसला अशीच लागायची."

मग त्याने रंगाचे डबे उचलले आणि माझ्या पोटात ठेवायला सुरुवात केली.

तुमच्यापैकी कोणी या गॅरेजपाशी आलंच, आणि तुमच्याकडे पान्हा असला, हात चांगला असला, मनात मायाही असली, तरी एवढं ऐका. मला आता कोणी सुधारू नका.