इलारियोचा हट्टी खोकला

आमच्या गावात थंडी पडली की लोक आधी माझ्या दारात येतात. ही फुशारकी नाही. फुशारकी असती तरी मी मारलीच असती, पण ही खरी गोष्ट आहे. ओआहाकाच्या या डोंगरात नोव्हेंबरात धुकं एकदा उतरलं की दुपारपर्यंत हलत नाही, आणि घराघरातून खोकल्याचे आवाज येतात. "ब्रिहिदाच्या बाटलीपुढे खोकला टिकत नाही," असं आमचे पाद्रीसुद्धा म्हणतात, आणि पाद्री माझ्यावर फारसे खूश नाहीत.

औषध सोपं आहे. बोगनवेल घ्यायची ती जांभळी. नारिंगी नि पांढरी कुंपणावर शोभेला ठीक. रंगीत पानांच्या आत जी बारीक पांढरी फुलं असतात ती खुडून टाकायची. पाण्यात दालचिनीची कांडी नि पेरूची कोवळी पानं उकळायची, मग बोगनवेल टाकून लगेच भांडं उतरवायचं आणि वर ताटली झाकायची. गाळून, कोमट झालं की मध. लिंबू पिळलं की जांभळ्याचं गुलाबी होतं, मग पोरं न रडता पितात. प्यायल्यावर उघड्या डोक्यानं वाऱ्यात जायचं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मी मध देत नाही, आणि कुणाला धाप लागत असेल तर त्याला बाटली न देता दवाखान्यात पिटाळते. आपलं औषध कुठवर चालतं हे मला ठाऊक आहे, म्हणून तर ते चालतं.

गावात दुसरं औषध ओतिलियाचं. लाल कांदा चिरून मधात मुरवते, झालं. ओतिलिया माझी कोमाद्रे, म्हणजे माझ्या धाकटीची धर्ममाता. चर्चमध्ये देवासमोर जोडलेलं नातं, त्यामुळे तिच्याशी भांडता येत नाही. फक्त गोड बोलून टोचता येतं, आणि त्यात आम्ही दोघी तरबेज आहोत.

तर अशा माझ्याच घरात, सान आंद्रेस या आमच्या गावच्या संताच्या जत्रेच्या तोंडावर, माझ्याच नवऱ्याला खोकला झाला. इलारियो गावच्या बँडमध्ये ट्युबा वाजवतो, ते खर्जात घुमणारं भलंमोठं पितळी वाद्य. त्याच्या आधी त्याचे वडील वाजवायचे. जत्रेच्या पहाटे बँड चर्चच्या दारात उभा राहून संताला जागवतो, आणि खालून ट्युबाचा आधार नसेल तर बाकीची वाद्यं नुसती किंचाळतात. पहिली बाटली दिली, गुण नाही. दुसरी दिली, तिसरी दिली. पठ्ठ्या चाटूनपुसून प्यायचा आणि खोकायचा.

मी त्याला टोपी घातली, मफलर गुंडाळला, पहाटे धुक्यात अंगणात जायचं बंद केलं. एक दिवस वैतागून दवाखान्यातही नेलं. डॉक्टरीणबाई मला गावासारखंच मानानं दोन्या म्हणतात. त्यांनी छाती तपासली आणि म्हणाल्या, "छाती अगदी स्वच्छ आहे, दोन्या ब्रिहिदा. तुमचंच औषध चालू ठेवा."

"तेच तर चालू आहे!" मी म्हणाले. माझा आवाज जरा चढलाच.

आणि ही बातमी गावभर झाली. गिरणीवर मका दळायला गेले तर बायका बोलता बोलता गप्प झाल्या. नेहमी माझ्याकडे येणारी शेजारीण लेकराला घेऊन ओतिलियाच्या दारात उभी दिसली. ओतिलिया मला लांबूनच म्हणाली, "कोमाद्रे, इलारियोला कसंय गं? काही लागलं तर हाक मार. आपल्यात कसला परकेपणा!" माझ्या अंगाची नुसती लाही झाली. आईकडून आलेलं औषध माझं, त्याचं नाव माझ्या हयातीत बुडणार होतं, आणि तेही माझ्या घरातल्या माणसामुळे.

मग एका दुपारी मी शेतावर जेवण घेऊन गेले. मक्याच्या ताटांमागून मला आवाज आला. इलारियो गाढवाला संचलनाची धून शिकवत होता. "पोम, पोम, पोम," असा खर्जातला, खणखणीत आवाज. मी तिथेच उभी राहून पूर्ण धून ऐकली. एकदाही खोकला नाही. मग मी पुढे झाले, त्यानं मला पाहिलं, आणि मेल्याला जी उबळ आली म्हणता!

"बस कर," मी म्हणाले. "गाढवापुढे खोकला येत नाही आणि बायकोपुढे बरा येतो?"

तो खाली बसला. बराच वेळ टोपीशी चाळा करत राहिला. मग त्यानं तोंड उघडलं आणि खालच्या ओठाआडचे दोन दात जिभेनं ढकलून दाखवले. दोन्ही दात दारासारखे आतबाहेर झाले.

"तोंडावर ट्युबा टेकवली की कळ मस्तकात जाते," तो म्हणाला. "हवा फुसकन बाजूनं निघून जाते. तालमीत दोनदा असं झालं. फिदेन्सियो हसला नाही, पण त्यानं मान फिरवली."

फिदेन्सियो त्याचा पुतण्या. ट्युबा त्यालाही येते, आणि चांगली येते.

"मग सांगायचं ना सरळ!"

"खोकल्यानं बसलेला माणूस आजारी असतो, ब्रिहिदा. पुढल्या वर्षी येईल म्हणतात. दातांनी बसलेला म्हातारा असतो. त्याला कुणी विचारत नाही."

"आणि माझ्या बाटल्यांचं काय? गाव काय म्हणतंय कळतंय का तुला?"

"औषध फार चवदार होतं गं," तो इतक्या अपराधी तोंडानं म्हणाला की मला हसू आलं, आणि हसू आल्याचा आणखी राग आला. घरी येईपर्यंत मी त्याच्याशी अक्षर बोलले नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी बँडचे मास्तर, माएस्त्रो सिल्वेरियो, आमच्या अंगणात आले. मागोमाग कांद्याची बाटली शालीआड धरून ओतिलिया. तिला कसा वास लागतो देव जाणे.

"दोन्या ब्रिहिदा, आज स्पष्टच सांगा," मास्तर म्हणाले. "उद्या पहाटे इलारियो उभा राहतोय की नाही? तुमच्या औषधावर माझा भरवसा आहे."

इलारियो कोपऱ्यात मफलर गुंडाळून बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. चाळीसेक वर्षांच्या संसारात त्यानं माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी तो डोळ्यांनी मागत होता.

माझ्या जिभेवर खरं अगदी तयार होतं. मी ते गिळलं.

"नाही उभा राहणार," मी म्हणाले. "माझ्या औषधानं हात टेकले. हा खोकला काही त्याला दाद देत नाही. फिदेन्सियोला उभा करा."

ओतिलियाचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "अगं, होतं असं, कोमाद्रे! वय झालं की हात चुकतो. जरा माझं देऊन बघ. मी सगळ्यांना सांगेन, ब्रिहिदानं मनापासून केलं होतं म्हणून."

मी दातओठ खात हात पुढे केला. बाटली माझ्या हातात पडणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"तिचा हात चुकला नाही."

इलारियो उठला होता. त्यानं मफलर काढून बाकावर टाकला. "मला खोकला नव्हताच, मास्तर. माझे दात गेलेत. ट्युबा माझ्यानं आता होत नाही. ब्रिहिदाचं औषध जगात एक नंबर आहे, हे जाऊन गावात सांगा, दोन्या ओतिलिया. आणि माझ्या दातांचंही सांगा."

ओतिलियानं बाटली पुन्हा शालीआड घेतली. मास्तरांनी टोपी काढून इलारियोचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ते गेल्यावर मी त्याला झाडलं. "जन्मात पहिल्यांदा हार मानली होती मी. तीही नीट मानू दिली नाहीस!"

"तुला जमत नव्हतं ते," तो म्हणाला. "फार वाईट दिसत होतीस."

पहाटे धुक्यात आम्ही चर्चपुढे गेलो. फिदेन्सियोनं पहिला सूर लावला आणि तो खाली जमिनीतून आल्यासारखा पायांना जाणवला. चांगला वाजवला पोरानं. इलारियोचे ओठ प्रत्येक सुरावर हलत होते आणि डोळे वाहत होते. मी त्याचा हात घट्ट धरला. लग्न झाल्यापासून दर जत्रेला मी त्या गर्दीत एकटी उभी राहून त्याला ऐकत आले होते. त्या पहाटे पहिल्यांदा माझा नवरा माझ्या शेजारी उभा होता.