उलट्या हाताचं वेटोळं

वेटोळं उलट्या हाताचं होतं... झाकण तिच्या मांडीवर होतं, त्याची रबराची कडा अजून चिकट, आणि तळहाताएवढ्या ट्रेमध्ये काचेचे केसासारखे धागे गाढ झोपल्यासारखे पडलेले – निळा, नारिंगी, हिरवा – सगळे डावीकडे वळत गेलेले, आणि कोपऱ्यात एक सैल फेरा, अंगठा जाईल एवढा, मुद्दाम सोडलेला. असा फेरा सोडणारा माणूस तिनं आयुष्यात एकच पाहिला होता. दादा.

जुन्या ऑफिसांच्या इमारतीत, वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्याच्या वळणावर ती पायरीवर बसली होती. भर दुपार. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं इंटरनेट सकाळपासून बंद. काम रोजचंच – भिंतीवरचा जॉइंट बॉक्स उघडायचा, इंटरनेटच्या केबलमधला तुटलेला धागा शोधायचा, जोडायचा, वेटोळं परत निजवायचं, झाकण लावायचं. हे काम तिला दादानंच शिकवलं होतं. तो डावखुरा. लाडानं ‘मुंगळे, धागा ओढू नकोस, त्याला वळायचंय तिकडे वळू दे,’ म्हणायचा. तिचं वेटोळं घड्याळासारखं उजवीकडे फिरायचं, त्यावरून चिडवायचा, की आपल्या दोघांचं एका ट्रेमध्ये जमायचं नाही.

आणि एका सकाळी तो कामाला गेला तो गेलाच. धागे जोडायचं मशीन, पिशवी, न उघडलेला जेवणाचा डबा, सगळं एका जिन्यात नीट मांडून ठेवलेलं सापडलं, आणि माणूस नाही. भांडण नाही, तंटा नाही, आजार नाही. पोलिसांनी शोधलं, नातेवाइकांनी शोधलं, मग शोधणारे थकले. आई दाराकडे पाठ करून बसायला शिकली. त्याची पिशवी हिनं खांद्याला लावली, त्याच्याच जागी कामाला लागली, आणि वर्षं गेली.

पण हा बॉक्स नवा होता. असे बॉक्स तो गेल्यानंतर यायला लागले. म्हणजे... म्हणजे तो इथेच आहे, या जिन्यावर बसून गेलाय, याच भिंतीला त्याचा खांदा लागलाय – आणि परवा वहिनी सह्या करणार. दुसऱ्या लग्नाच्या. किती वर्षं वाट पाहिली बिचारीनं, आता कुठे एक बरा माणूस भेटला, आणि आताच हे वेटोळं माझ्याच मांडीशी उघडायचं होतं?

खालून चप्पल फरफटत पहारेकरी आला. म्हातारा, गप्पिष्ट.

“आज पुन्हा? या डब्यात जेवण ठेवता का हो ताई, सारखं उघडून बघायला?”

“बाबा, माझ्याआधी इथे कोण आलं होतं? हा बॉक्स कुणी लावला?”

“कुणी म्हणजे? तुम्हीच की! इथेच बसला होतात. चांगला तासभर बोलत होतात.”

“बोलत होते? कुणाशी?”

“ते मला काय ठाऊक? फोनवर असाल. मी आपलं खालून ऐकलं.” तो हसला आणि गुडघ्यावर हात टेकत वर निघून गेला.

फोनवर... पण जोडणी करताना दोन्ही हात गुंतलेले असतात, मान वाकलेली असते. ती कधीच फोन घेत नाही.

ती उठली. खालच्या मजल्यावरचा बॉक्स तिनं गेल्याच आठवड्यात केला होता, यात शंका नव्हती, कारण भिंतीचा ओला रंग बाहीला लागला होता आणि तो डाग अजून गेला नव्हता. तिनं स्क्रू काढले. झाकण उचलताना डोळे मिटून घ्यावेसे वाटले, पण मिटले नाहीत. वेटोळं डावीकडे वळलेलं. कोपऱ्यात सैल फेरा. तिनं त्यात अंगठा घालून पाहिला – बेताचा बसला. तिचाच अंगठा.

एक तर तो माझ्या मागून येतो, माझी वेटोळी उसवून पुन्हा आपली घालून जातो... नाहीतर मीच कधीपासून अशी गुंडाळतेय, कुणास ठाऊक, आणि कुणाशी बोलत बोलत? दोन्हींपैकी कुठलं बरं, ते तिला ठरवता येईना. जिन्यात गार होतं. वर डॉक्टरांच्या मशीनची घरघर थांबली, सुरू झाली.

ती परत वर येऊन बसली. लाल उजेडाची पेन्सिल धाग्याच्या टोकाला लावली, तशी आत एके ठिकाणी रक्ताच्या थेंबाएवढा लाल ठिपका पेटला. तिथे तुटलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. वहिनी. आज पहिल्यांदाच तिनं काम करताना फोन घेतला.

“कामात आहेस का गं? एकच विचारते, परत कधी विचारणार नाही. तुला काही कळलं का त्यांचं? कुठे दिसले, कुणी काही बोललं... असलं तर आत्ता सांग. परवानंतर नको.”

लाल ठिपका तिच्याकडे बघत होता. तोंडात ‘वहिनी, थांब’ आलं होतं, अगदी जिभेवर. आणि दुसरंच बाहेर पडलं, शांत, जरा जड आवाजात –

“तो नाही यायचा. तू कर सह्या. बिनघोर कर.”

पलीकडून वहिनी हुंदका दाबत म्हणाली, “अगदी त्यांच्यासारखं म्हणालीस गं... बिनघोर.”

फोन ठेवल्यावर तिला आठवेना, हा शब्द आपण याआधी कधी वापरला होता का. खोटं बोललो असंही वाटेना. खरं बोललो असंही नाही. कुणीतरी आपल्या तोंडून एक काम उरकून घेतलं, एवढंच.

मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर आली, क्षणभर थबकली, ठिणगी उडाली आणि एक झाली. वेटोळं घालताना तिनं मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं. बोटांना सगळं येत होतं. झाकण लावलं. वरून डॉक्टर ओरडले, “आलं, आलं! थँक यू हं!”

पिशवी खांद्याला लावून ती उतरू लागली. जिना रुंद होता, चार माणसं सहज उतरतील एवढा. अर्ध्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण भिंतीला खेटून चालतोय, पिशवी भिंतीकडच्या खांद्यावर घेऊन, दुसऱ्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडून... आणि आजच नाही, प्रत्येक जिन्यात, कितीतरी दिवसांपासून. तिला वाटलं आता अंगावर काटा येईल. आला नाही. मधोमध सरकावं म्हणून तिनं पाऊल उचललं – आणि पुन्हा भिंतीकडेच टाकलं, थोडं सावकाश, सोबत उतरणाऱ्याला घाई होऊ नये अशा बेतानं.