सहभागी क्रमांक सात

"सहभागी व्यक्ती कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता, माघार घेऊ शकते," आभाने कागदावरून वाचलं आणि मान वर केली. "काका, समजलं?"

"माघार म्हणजे?" दगडू पालवांनी विचारलं.

आभाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मूळ इंग्रजी संमतीपत्राचं मराठी तिनेच केलं होतं, दुबईत करामाला राहणाऱ्या आईला चार फोन लावून. तेव्हा आता निस्तरायचंही तिनेच.

"म्हणजे तुम्ही खलास म्हटलं की खलास. मी व्हाय विचारणार नाही. रेकॉर्डिंग डिलीट."

"विचारणारच नाय? कंपनीने विचारलं तर?"

"कंपनीला कळणारच नाही, काका. तुमचं नाव कुठेच नाही. तुम्ही पार्टिसिपंट सेव्हन."

पालवांनी ती ओळ तिला पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "सव्वीस वर्षं झाली मला इकडे. जिथं बोट ठेवलं तिथं सही केली. वाचून कुणी दाखवलं नाय कधी." आणि खिशातलं पेन काढून त्यांनी सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.

शारजातल्या आमच्या विद्यापीठात दर जुलैमध्ये शाळेतली चाळीस मुलं तीन आठवडे राहायला येतात. प्रत्येकाला एक मार्गदर्शक प्राध्यापक मिळतो. मुलांनी एक प्रश्न निवडायचा, संशोधन कसं करतात ते शिकायचं आणि शेवटी सभागृहात पोस्टर लावून परीक्षकांपुढे बोलायचं. मी या उपक्रमाची निवासी समन्वयक, म्हणजे हॉस्टेलमधली सगळ्यांची आई. अल्पवयीन मुलं मुलाखत घेतात तेव्हा कुणीतरी मोठं माणूस हजर लागतं. त्या नियमापायी मी तिथे बसले होते.

आभाचा प्रश्न होता, घरापासून लांब राहणारी माणसं फोनवर घरच्यांना काय सांगत नाहीत? सोळा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न सुचला याचं मला कौतुक होतं. तिला दहा माणसं हवी होती. सहा जणांनी ठरीव उत्तरं दिली होती. उकाडा सांगत नाही, आजारपण सांगत नाही, खोलीत आठ जण आहोत हे सांगत नाही. सातवे पालव.

पालव आमच्या हॉस्टेलचे एसी आणि पंप सांभाळत. सिंधुदुर्गातले. राहायला शेजारच्या अजमानला, सकाळी सहाला कामावर हजर. माझं त्यांच्याविषयीचं मत फारसं बरं नव्हतं, हे कबूल करायला हवं. मागून हाक मारली तर वळायचे नाहीत. मला वाटायचं, माणूस भारी शिष्ट आहे. कामात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. चालू पंपावर नुसता तळवा टेकवायचे आणि सांगायचे, बेअरिंग जातंय, आठवड्यात बदला. मला ती ऐट वाटायची.

त्या दिवशी कळलं की ती ऐट नव्हती. "डावा कान पूर्ण गेला," ते आभाला म्हणाले. "उजवा अर्धा. पहिली दहा वर्षं प्लांटरूममध्ये कानाला काय लावलं नाय. लावलं तर मशीनचा आवाज कळायचा नाय ना! आवाजावर तर सगळं काम. आता हातावर भागवतो. घरी बोललो नाय. कळलं तर बायको म्हणणार, परत या."

"मग फोनवर कसं ऐकता?"

"अंदाजाने. हो हो म्हणतो."

आभा गप्प राहिली. गप्प कसं राहायचं तेही तिला इथे शिकवलं होतं, आणि माझ्यापेक्षा तिला ते चांगलं जमत होतं.

पालव जरा वेळाने आपणहून बोलले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोचा, कृष्णाबाईंचा, सकाळी कामावर असताना फोन आला. मागे पंप चालू. त्यांच्या मालवणीत 'आली'ला 'इली' म्हणतात. बायको म्हणाली, 'आये गेली.' यांना ऐकू आलं, 'आये इली.' सासू राहायला आली असं समजून हे खुशीत म्हणाले, "बरां झालां. आता ऱ्हवांदे तिका म्हयनोभर."

पलीकडून फोन बंद झाला. चार दिवसांनी मेव्हण्याने सासूचा हार घातलेला फोटो पाठवला तेव्हा यांना उलगडा झाला. बायको चार महिने बोलली नाही. नंतर बोलायला लागली, पण हा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

"तिला वाटतं, मी असाच आहे," पालव म्हणाले. "परदेशात राहून दगड झालो." मग स्वतःच्या नावावर स्वतःच थोडं हसले आणि कामाला गेले.

आभा खोलीबाहेर आली ती धावतच. "मॅम, धिस इज इट. हेच माझं प्रोजेक्ट आहे." खरंच होतं ते. एका अक्षराच्या फरकाने दोन माणसं दोन वर्षं दुरावली होती. तिच्या मार्गदर्शक डॉ. सुरैय्या यांनी मसुदा वाचला आणि म्हणाल्या, हे पोस्टरच्या मधोमध घे. पहिल्या नंबराला पुढच्या वर्षी प्राध्यापकांबरोबर प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. आभाला ते सगळ्यांत जास्त हवं होतं आणि आता ते तिच्या हाताशी आलं होतं.

पोस्टरच्या सादरीकरणाला पाच दिवस उरले असताना पालव माझ्या ऑफिसच्या दारात उभे राहिले. आभा आत बसून पोस्टरच करत होती.

"बेटा, ते आपलं बोलणं," ते म्हणाले. "खलास कर."

आभाचा चेहरा उतरला. माझाच तोल आधी गेला. "अहो पालव, नाव येणार नाहीये तुमचं! गाव नाही, काही नाही. कुणाला कळणार? पोरीने आठ दिवस मेहनत केलीय. नक्की काय अडचण आहे, सांगा तरी."

पालवांनी मान खाली घातली. सव्वीस वर्षं साहेब लोकांपुढे घातली असेल तशीच. ते बहुतेक "बरं, राहू दे" म्हणणार होते.

"मॅम, प्लीज डोन्ट." आभा उठून उभी राहिली होती. "व्हाय विचारायचं नाहीये. मी प्रॉमिस केलंय. फॉर्मवर आहे."

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. रेकॉर्डिंग त्यांच्यादेखत पुसलं, मग लिहून काढलेली मुलाखत, मग पोस्टरचा मधला भाग. "काका, बघा. खलास."

पालवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. मग ती रडली, चांगली हुंदके देऊन. मला स्वतःची लाज वाटली. समजावून घेण्याच्या नावाखाली मी त्या माणसाला दटावत होते, आणि हे सोळा वर्षांच्या पोरीने मला दाखवून दिलं होतं.

सादरीकरणाच्या दिवशी तिच्या पोस्टरवर नऊ जणांची उत्तरं होती आणि सातव्या जागी दोनच शब्द, 'माघार घेतली.' एका परीक्षकाने नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

"वाय डिड ही विथड्रॉ?"

"आय डोन्ट नो, सर. आय डिडन्ट आस्क."

"बट यू मस्ट हॅव अ गेस?"

"नॉट वन आय कॅन पुट ऑन अ पोस्टर, सर."

परीक्षक हसले, कागदावर काहीतरी लिहून पुढे गेले. पहिला नंबर तनिष नावाच्या मुलाला मिळाला, खजुराच्या बिया वापरून पाणी गाळण्याच्या प्रयोगाला. आभाने मनापासून टाळ्या वाजवल्या. मला तेवढं जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना न्यायला बस आली. मी आणि आभा सामान घेऊन खाली उतरलो तर व्हरांड्यात एका बाईचा खणखणीत आवाज घुमत होता. पालव पायरीवर उभे होते. फोन स्पीकरवर लावून त्यांनी उजव्या कानाजवळ धरला होता.

"आता आयकाक येता काय?" पलीकडून कृष्णाबाई जीव खाऊन ओरडत होत्या. "काल कानाचां सांगितलात म्हणान रात्रभर झोपाक नाय मी! खुळे काय तुमी? तेव्हाच सांगूक काय झालां हुतां?"

"येता गो, आयकाक येता," पालव म्हणाले. "पयलां तुकाच सांगूचां हुतां. माका धीर होय नाय."

मग कृष्णाबाईंचा आवाज आला, तेवढाच मोठा, पण आता रडवेला. "आयेन जाताना तुमचां नाव घेतल्यान. त्या दिवशी ताच सांगूक फोन केललंय."

पालवांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पायरीवर खाली बसले. कृष्णाबाई पहिल्यापासून सांगू लागल्या, सकाळी आई उठली कधी, चहा कुणी दिला, डॉक्टर किती वाजता आला.

आभा माझ्याशेजारी थांबली होती. बसकडे जायची वाट पालवांच्या पुढूनच होती. तिने बॅग उचलली, आवाज न करता मागे वळली आणि स्वयंपाकघराच्या दाराने, सगळ्या इमारतीला वळसा घालून, उन्हातून बसकडे गेली.

मी मात्र तिथेच उभी राहिले. बस सुटली तरी कृष्णाबाईंचं सांगणं चालूच होतं.